मॅडम, ऐकू येतं पण कळत नाही

पुन्हा तेच. वीस ते पस्तीस वयाची पोरंपोरी विचारायलेत, हळूहळू ऐकू कमी व्हायलंय, कानाची नस दबली असंल का, कमजोरी असंल का, एखादी गोळी सांगा. मी कानाची डॉक्टर आहे, पण अशी गोळी सांगत नाही. "नस दबली", "नस सुकली" हे मी रोज ओपीडीत ऐकते आणि बऱ्याचदा ते निदान मेडिकलच्या काउंटरवर झालेलं असतं. साध्या मळापासून ते हाड चिकटण्यापर्यंत कारणं ढीगभर आहेत, आणि तुमचं कोणतं हे कान बघून, ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची मशीनवरची तपासणी करूनच कळतं. तरी प्रश्न आलेत तर घेते.

कानात कोमट तेल टाकलं तर मळ निघून ऐकू येईल का? (हिंगोली, वय २२)

मळच आहे हे कुणी बघितलं? पडद्याला भोक असलं तर तेल थेट आत जाईल. टाकू नका, आधी दाखवा.

जालन्यात रोलिंग मिलमध्ये ५ वर्षं झाली. आवाज येतो पण शब्द कळत नाही, बायको "साठ" म्हणली की मला "आठ" ऐकू येतं. घरचे म्हणतात तुझं लक्षच नसतं. कानात कापूस घालूनच काम करतो. (वय २७)

लक्षाचा प्रश्न नाही हा. मोठ्या आवाजानं आतल्या कानातल्या बारीक पेशी मरतात आणि त्या परत उगवत नाहीत. आधी मार बसतो तो ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे वरच्या पट्टीत. स, श, फ असली अक्षरं वरच्या पट्टीतली, म्हणून साठचा आठ होतो आणि माणसाला वाटतं समोरचाच तोंडातल्या तोंडात बोलतो. हिशोब असा की ८५ डेसिबल ८ तास चालतं, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. आपल्याकडं कारखान्याच्या नियमात ८ तासांना ९० ची मर्यादा आहे, म्हणजे नियमात बसणारी मिलसुद्धा कानाला सुरक्षित असेलच असं नाही. कापसाचा उपयोग जवळपास नाही. फोमचे बोळे नीट पिळून आत बसवायचे नाहीतर कानावरचं मफ घालायचं, ते कंपनीकडं मागा, मागायला लाजू नका. आणि दिवसभर मिल, रात्री वरातीत डीजेसमोर नाच, असं असलं तर कानाला सुट्टी कधी? आधी ऑडिओमेट्री करा, त्याच्या आधी १४-१५ तास तरी मोठा आवाज नको, म्हणजे शिफ्टवरून उठून थेट येऊ नका. गेलेलं परत आणता येत नाही, पण राहिलेलं राखता येतं. रिपोर्टची झेरॉक्स जवळ ठेवा, पुढच्या वर्षी तुलना करायला लागते.

लातूरला नीटची तयारी करतो, रोज ८-९ तास लेक्चर इअरफोनवर. ब्लूटूथनं नस खराब होते म्हणतात, वायरचे घेऊ का? (वय १९)

ब्लूटूथनं नाही, आवाजानं होते. वायरचा आवाजही आवाजच. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांचा आहे, तुमचे तास त्याच्या पुढं गेले, म्हणजे आवाज त्याहून कमीच पाहिजे. खालच्या रस्त्यावरच्या हॉर्नवर मात करायला आवाज वाढवत असाल तर खोलीची खिडकी लावा. लेक्चर संपल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर तपासून घ्या.

दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही कानांनी कमी यायलंय. पण पिठाच्या गिरणीत, एसटीत मला चांगलं ऐकू येतं, घरात शांत असलं की येत नाही. सासूबाई म्हणतात मुद्दाम करते. माझ्या आईलाही तरुणपणीच कमी ऐकू यायचं. गावात फ्री कान तपासणी शिबिर होतं, ते म्हणले दोन्ही कानांना मशीन घ्या. घेऊ का? (गंगाखेड, वय २८)

ताई, थांबा, मशीन आत्ता घेऊ नका. बाकीच्यांनीही हे नीट वाचा, कारण वर्षभरात मला सगळ्यात जास्त चीड याच गोष्टीची येते.

तुम्ही लिहिलंय ते ओटोस्क्लेरोसिससारखं वाटतं. वाटतं म्हणते, बघितल्याशिवाय ठरवता येत नाही. कानात तीन हाडं असतात, हातोडा, ऐरण आणि रिकीब, त्यातली रिकीब शरीरातलं सगळ्यात लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटर. तिच्या बुडाशी नको तिथं हाड वाढतं, ती जागेवर घट्ट बसते आणि हलायची थांबते. हलली नाही तर आवाज आत पोचणार कसा. नस चांगली असते, बिजागरी गंजलेली असते. साधारण विशी ते चाळिशीत सुरू होतं, बायकांत जास्त, आणि बऱ्याच घरांत आई, मावशी, मामा कुणाला तरी आधी झालेलं असतं. गिरणीत ऐकू येतं कारण तिथं समोरचा मोठ्यानं बोलतो आणि मागची घरघर तुमच्या कानाला इतरांपेक्षा कमी पोचते. याच रोगात माणूस स्वतः हळू बोलतो, त्याला स्वतःचा आवाज मोठा वाटतो. आता बघा, बाई हळू बोलती, घरात हाक मारली तर ओ देत नाही, गिरणीत मात्र गप्पा मारती, सासरचे काय समजणार? मुद्दाम करती. सासूबाईंना माझं हे उत्तर वाचून दाखवा.

बाळंतपणानं होतं का? यावर डॉक्टरांतच दोन मतं आहेत, रोग वाढायचं वय आणि लेकरं व्हायचं वय एकच पडतं हेही आहे. लेकराला दोष देऊ नका.

आता चीड कशाची ते. या रोगात कानाचा पडदा दिसायला एकदम ठीक असतो, त्यामुळं बॅटरी मारून "कान चांगला आहे" म्हणून परत पाठवलेल्या पोरी माझ्याकडं येतात. ५१२ हर्ट्झचा चिमटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, कानामागं हाडावर आणि कानासमोर धरून तुलना केली तर दोन मिनिटांत शंका येते, मग ऑडिओमेट्री आणि टिंपॅनोमेट्रीनं (पडदा किती हलतो ते मोजणारी तपासणी) पक्कं होतं. आणि शिबिरवाले? मंगल कार्यालयात, बाहेर टेम्पो उभे, पोरं रडायलीत, तिथं तपासणी करून मशीनची किंमत सांगतात. तपासणी फुकट असते, मशीन नाही. ऑडिओमेट्री बंद साउंडप्रूफ खोलीत होते, हाडातून ऐकायची वेगळी आणि हवेतून ऐकायची वेगळी, आणि रिपोर्टवरच्या या दोन रेषांत फरक आहे का हाच तर सगळा मुद्दा. तो न बघता मशीन विकणारा कानाचा विचार करत नाही.

उपाय दोन. एक मशीन, या रोगात चांगलं चालतं, पण रिपोर्ट बघून सेट केलेलं, मोबाइलवर जाहिरात येते ते हजार रुपयांचं भोंगावजा डबडं नाही. दुसरा ऑपरेशन, स्टेपिडॉटॉमी, घट्ट झालेल्या रिकिबीच्या जागी बारीक पिस्टन बसवतात. अनुभवी हातात दहातल्या साधारण नऊ जणांना चांगला फायदा होतो, पण शंभरात एखाद्याचा तो कान कायमचा जातो हेही तितकंच खरं, म्हणून आधी जास्त गेलेला कान करतात, दोन्ही एकदम करत नाहीत. "शंभर टक्के गॅरंटी" म्हणणाऱ्याकडून उठून या.

आणि लग्न ठरायचंय म्हणून पोरीचं ऐकणं लपवणाऱ्या आईबापांना हात जोडते. अठराव्या वर्षी तपासली असती तर निदान कारण तरी हातात असतं. तुम्ही लपवता, ती सासरी जाऊन "मंद" ठरती. तिला बरोबर घेऊन या, लपून या पाहिजे तर, पण या.

मोठ्या भावाला बिघडलेल्या (नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या) टीबीची इंजेक्शनं दिली होती, तेव्हापासून त्याच्या कानात शिट्टी वाजते आणि ऐकू कमी. आता मला टीबी निघाला. औषध घेऊ का नको? (नांदेड, वय ३०)

घ्या. औषध सोडलं तर कानाच्या आधी जीव जाईल. साध्या टीबीच्या ६ महिन्यांच्या कोर्समध्ये सहसा गोळ्याच असतात. अमिकासिन, कॅनामायसिनसारखी इंजेक्शनं कान बिघडवतात हे खरं, म्हणूनच आता बिघडलेल्या टीबीलाही बहुतेक गोळ्याच देतात. पण भावाची गोष्ट टीबीच्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा, काही घरांत आईकडून असा दोष उतरतो की थोड्या इंजेक्शननंही ऐकू जातं. कुठल्याही तापाला, ऑपरेशनला इंजेक्शन देताना हे सांगायचं. भावाची ऑडिओमेट्री झाली नसेल तर करून आणा.

लहानपणापासून एक कान फुटतो, पाणी गेलं की वाहतो, वास येतो, पण दुखत नाही. आता त्या कानानं कमी यायलंय. ड्रॉप टाकला की थांबतं. (भूम, वय २४)

दुखत नाही हीच अडचण, दुखलं असतं तर आला असता. घाण वासाचा वाहता कान आतलं हाड पोखरत असू शकतो आणि ते चेहऱ्याच्या नसेपर्यंत, मेंदूपर्यंत जाऊ शकतं. ड्रॉपनं वरचं पाणी थांबतं, आतलं नाही. दुर्बिणीतून बघून घ्यावंच लागेल, या आठवड्यात. तोवर अंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापूस.

चार दिवसांपूर्वी सकाळी उठलो तर एक कान एकदम बंद. सर्दीनं असेल म्हणून मेडिकलमधून थेंब आणले. किती दिवस वाट बघू? (बीड, वय ३१)

एकही नाही. हे हळूहळूचं प्रकरण नाही, अचानक गेलेला कान इमर्जन्सी असते. स्टिरॉइड लवकर सुरू झालं तर वाचायची आशा, दोन आठवडे उलटले की फार कमी उरते. आजच्या आज कानाच्या डॉक्टरकडं.

भरतीचं मेडिकल आहे, कानात मळ निघाला तर बाद करतात म्हणून बसस्टँडवरच्या माणसाकडून काढून घेऊ का? (अंबड, वय २०)

नाही. सिव्हिल हॉस्पिटलच्या कानाच्या ओपीडीत काढून मिळतो, चार दिवस आधी जा, मेडिकलच्या आदल्या दिवशी नको.