बाळाला रात्री अचानक भुंकल्यासारखा खोकला येतो आणि श्वास घेताना आवाज होतो. क्रूप कसा ओळखायचा, घरी काय करायचं आणि कधी निघायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की चवथीनंतर दीड वर्षाच्या मुलाला सर्दी झाली, तिसऱ्या दिवशी मध्यरात्री तो कुत्रा भुंकावा तसा खोकत उठला, डॉक्टरांनी क्रूप, म्हणजे स्वरयंत्राला आणि त्याखालच्या श्वासनलिकेला येणारी सूज, सांगून स्टेरॉइडचा एक डोस दिला. सासूबाईंचं म्हणणं, एवढ्याशा पोराला स्टेरॉइड कशाला, वाफ दिली असती तर मोकळं झालं असतं. आणि गोव्यात साखळीला, मोठ्या इस्पितळापासून लांब राहत असल्यामुळे पुन्हा असं झालं तर घरी किती थांबायचं हे तुम्हाला उमगत नाही. मी गोव्यातच मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, रात्रपाळ्या भरपूर केल्यात. तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, म्हणून आधी तोच घेते.

खोकल्याच्या आवाजावर जाऊ नका, छाती बघा. आई-बाबा घाबरतात ते त्या भुंकण्याला, आणि तो आवाज असतोच काळजात धस्स करणारा. पण आजार किती जोरात आहे हे खोकल्यावरून कळत नाही. ते कळतं मूल शांत असताना श्वास कसा घेतं त्यावरून. त्याला मांडीवर घ्या, दिवा लावा, रडत असेल तर आधी शांत करा. मग शर्ट हनुवटीपर्यंत वर करा आणि मिनिटभर नुसतं बघत राहा. गळ्याच्या खाली दोन हाडांच्या मधोमध खळगी असते तिथे, फासळ्यांच्या मधल्या जागेत, आणि फासळ्या संपून पोट सुरू होतं तिथे. प्रत्येक श्वासाला ही जागा आत ओढली जाते का? मग तोंडाजवळ कान न्या. श्वास आत घेताना घरघरीत, ओढल्यासारखा आवाज येतो का? आत घेतानाच, हे नीट लक्षात ठेवा. दम्यात शिट्टीसारखा आवाज बहुधा श्वास सोडताना येतो.

नुसता खोकला आहे, आवाज बसलाय, तो ओढल्यासारखा आवाज रडताना किंवा धावताना येतो पण शांत झाल्यावर जातो, मूल खेळतंय, पाणी पितंय, तर हा सौम्य क्रूप. रात्र घरी लक्ष ठेवून काढता येते, सकाळी डॉक्टरांना दाखवा. शांत बसलेलं असतानाही आवाज येतोय किंवा छाती आत ओढली जातेय, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री निघायचं. आणि मूल तळमळतंय, झोपूच शकत नाही, पाणी पिता येत नाही, ओठ निळसर किंवा चेहरा राखाडी पडलाय, अंग सैल सोडून गळून गेलंय, तर थेट १०८. आणखी एक सांगते, कारण इथे घरचे हमखास फसतात. छाती जोरात ओढली जातेय, मूल थकलंय आणि श्वासाचा आवाज मात्र कमी झाला, तर ते बरं वाटल्याचं लक्षण नाही. हवाच आत जाईनाशी झाली की आवाजही उरत नाही.

कोविडपासून घराघरात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे. क्रूपमध्ये त्याच्यावर विसंबू नका. ९७ दाखवत असतानाही मूल श्वासासाठी झगडत असू शकतं. आकडा खाली येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

हे होतं कशाने, तर विषाणूने. बहुतेक वेळा पॅराइन्फ्लुएन्झा नावाच्या विषाणूने, पण साधी सर्दी देणारे इतर विषाणूही ते करू शकतात. स्वरयंत्र आणि त्याच्या लगेच खालची श्वासनलिका सुजते. तिथे कूर्चेचं पूर्ण गोल कडं असतं, त्यामुळे सूज बाहेरच्या बाजूला पसरू शकत नाही, आतच येते. तान्ह्या बाळाची नळी तिथे साधारण ४ मिलिमीटर रुंद असते. चारी बाजूंनी १ मिलिमीटर सूज आली की उरते २ मिलिमीटर, म्हणजे हवेला जायला जागा पाव राहिली. मोठ्या माणसाच्या ८ मिलिमीटरच्या नळीत तेवढीच सूज आली तर निम्म्याहून जास्त जागा शिल्लक असते. म्हणून तुमचा घसा त्याच विषाणूने नुसता बसतो आणि पोराचा श्वास अडतो. सहा महिने ते तीन वर्षं हे याचं मुख्य वय, पाच-सहा वर्षांनंतर क्वचित. दिवसा मूल ठीक वाटतं आणि रात्री पुन्हा सुरू होतं. अशा दोन-तीन रात्री जातात, खोकला आठवडाभरही रेंगाळतो.

आता स्टेरॉइड. तुमच्या डॉक्टरांनी दिलं ते बरोबर दिलं. क्रूपवर खात्रीने उपयोगी ठरलेलं औषध तेच आहे, सौम्य क्रूपमध्येसुद्धा. सहसा डेक्सामेथासोनचा एकच डोस तोंडाने देतात, दर किलो वजनाला ०.१५ ते ०.६ मिलिग्रॅम या हिशेबाने. दोनेक तासांत सूज उतरायला लागते आणि परिणाम दीड-दोन दिवस टिकतो, म्हणजे वाईट रात्री त्यात निघून जातात. स्टेरॉइडची भीती सासूबाईंना वाटते ती महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्या माणसांकडे बघून. ती भीती खोटी नाही, पण एका डोसाला ती लागू होत नाही. मात्र उरलेली बाटली पुढच्या वेळी स्वतःच्या मनाने काढून देऊ नका. वजन बदललेलं असतं, आणि मूल तपासल्याशिवाय तो क्रूपच आहे हे ठरत नाही.

शांत असतानाही आवाज येत असेल तर इस्पितळात मास्कने अ‍ॅड्रिनालिनची वाफारलेली मात्रा देतात. त्याने अर्ध्या तासाच्या आत मूल बदलून जातं. पण हा परिणाम दोन तासांत ओसरतो आणि त्रास परत येऊ शकतो. म्हणूनच आम्ही मूल हसायला लागल्यावरही तीन-चार तास सोडत नाही, आणि पालक वैतागतात. तेवढा वेळ बसा. रस्त्यात त्रास परत सुरू होण्यापेक्षा वॉर्डात झालेला बरा.

वाफेबद्दल सासूबाईंना माझ्या वतीने समजावून सांगा. पूर्वी आम्हीही देत होतो, इस्पितळांतून देत होते. अभ्यास झाले तेव्हा क्रूपला तिचा फायदा दिसला नाही. उकळत्या पातेल्याने भाजलेली मुलं मात्र येतात. चादरीखाली घुसमटून मूल रडतं, ते वेगळंच. छातीला फेणी चोळणं, कापूर लावणं हेही नको. लहान मुलाच्या कातडीतून आणि श्वासातून ते आत जातं. वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही. खोकल्याची सिरपं तर बंदच ठेवा. २०२५मध्ये मध्य प्रदेशात दूषित सिरपाने मुलं दगावल्यानंतर केंद्राच्या आरोग्य विभागाने दोन वर्षांखालच्या मुलांना ही औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्यांना सहसा टाळावीत असं कळवलं आहे. अँटिबायोटिकचाही उपयोग नाही, आजार विषाणूचा आहे.

थंड हवेत नेल्याने बरं वाटतं असं तुम्ही कुठेतरी वाचलंत. ते खरं आहे, पण जिनिव्हातल्या मुलांवर जो अभ्यास झाला तिथे बाहेरची हवा १० अंशांच्या खाली होती. आपल्याकडे भर थंडीतही रात्री २० अंशांच्या आसपास असतं. खिडकी उघडा, बाल्कनीत कडेवर घेऊन फिरवा, त्याला बरं वाटत असेल तर छानच, पण त्या भरवशावर निघायला उशीर करू नका.

घरी खरा उपचार म्हणजे मुलाला रडू न देणं. हे ऐकायला साधं वाटतं, पण वॉर्डात मी ते रोज बघते. आईच्या मांडीवर बसून फोनवर गाणं बघणाऱ्या पोराची छाती जेमतेम हलत असते. कोणीतरी टॉर्च आणि चमचा घेऊन घसा बघायला जातं, ते किंचाळतं, आणि त्याच क्षणी गळ्याखालची खळगी बोट बुडेल एवढी आत जाते. म्हणून घशात चमचा घालू नका, आडवं पाडू नका, त्याला हवं तसं उभं-बसतं धरा. घोट घोट पाणी, अंगावरचं दूध, ताप असेल तर पॅरासिटामॉल. पहिल्या दोन-तीन रात्री त्याच खोलीत झोपा. घरात कोणी सिगरेट ओढत असेल तर ती घराबाहेर.

काही गोष्टी क्रूपसारख्या दिसतात आणि क्रूप नसतात. सर्दी-ताप काही नाही, खेळता खेळता एकदम ठसका लागून श्वास अडला, तर शेंगदाणा, काजूचा तुकडा किंवा चणा नळीत गेला असं समजूनच धावा. सणाच्या दिवसांत या वस्तू पाटावर, जमिनीवर पडलेल्या असतात. ताप खूप चढलाय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, मूल पुढे वाकून बसलंय आणि खोकला जवळजवळ नाही, तर ती वेगळी आणि जास्त घातक सूज असू शकते, तिथेही १०८. डांग्या खोकल्यात उबळीमागून उबळ येते आणि तो आठवडेच्या आठवडे चालतो.

साखळीहून बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात जायला रात्री रस्ता मोकळा असला तरी पाऊण तास धरा. म्हणून शांत असताना आवाज यायला लागला की जवळच्या आरोग्य केंद्रात आधी जा. स्टेरॉइडचा डोस तिथेही मिळू शकतो, पुढे पाठवायचं असेल तर तिथून ऑक्सिजनसकट पाठवतात. मूल थकलेलं असेल तर स्वतःची गाडी काढू नका, १०८मध्ये निदान सोबत कोणीतरी शिकलेलं माणूस असतं.

पुढच्या सर्दीला हे पुन्हा होऊ शकतं, काही मुलांना दोन-तीनदा होतं आणि वयाबरोबर जातं. पण सर्दी नसतानाही श्वासाचा आवाज राहिला किंवा वारंवार व्हायला लागलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना नळी तपासायला सांगा. आणि मुलाचं लसीचं कार्ड काढून बघा. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या पेंटाव्हॅलंटने त्या लाळ गळणाऱ्या घातक सुजेपासून, घटसर्पापासून आणि डांग्या खोकल्यापासून संरक्षण मिळतं. सोळा ते चोवीस महिन्यांत डीपीटीचा बूस्टर असतो. तुमचा मुलगा नेमका त्याच वयात आहे. राहिला असेल तर हा खोकला थांबल्यावर डॉक्टरांना विचारून तेवढा देऊन टाका.