आजोबांच्या जुन्या जीपचा शॅकल हँगर आणि पाटे गावातच बनवून घ्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांची १९६६ ची महिंद्रा सीजे-३बी, मागच्या उजव्या पाट्याचा हँगर (शॅकलमार्फत पाट्याचं टोक चेसिसला धरून ठेवणारा कंस) चेसिसवर हलायला लागलाय, पाटे बसलेत म्हणजे त्यांची कमान सपाट झालीय, मूळ सुटा भाग मिळत नाही. गॅरेजवाला म्हणतो, "१२ एमएम प्लेटचा हँगर करतो, चारी बाजूंनी वेल्ड मारतो, वर दोन पाटे वाढवतो, परत बघायला नको."

हँगर खुशाल बनवून घ्या. गावात बनतो आणि चांगला बनतो. बाकीचं काही त्याला करू देऊ नका. जाड प्लेट, चारी बाजूंनी वेल्ड आणि जास्तीचे पाटे, मी ते तिन्ही करून बसलोय, आणि तेही स्वतःच्या हातानं, त्यामुळे कुणाला शिव्या द्यायचीही सोय नाही.

माझी कोल्हापुरात ट्रॉल्या आणि शेतीच्या अवजारांची फॅब्रिकेशनची छोटी शेड आहे. ट्रॉलीत काही तुटलं की आमचं औषध एकच, जाड करा. घरच्या जीपलाही तेच दिलं. चार महिन्यांनी ग्रीस मारायला खाली शिरलो तर हँगर जसाच्या तसा, रंगसुद्धा उडाला नव्हता. पण त्याच्या पुढे, वेल्ड जिथं संपतो बरोबर तिथून, चेसिसच्या खालच्या पट्टीला केसासारखी चीर. बोटाला लागत नव्हती. कडेनं गंजाची बारीक तांबूस रेघ उतरली होती म्हणून दिसली.

या जीपची चेसिस म्हणजे वाकवलेल्या पत्र्याचं रिव्हेट मारलेलं चॅनेल, उभी भिंत आणि तिच्या वर-खाली आडव्या पट्ट्या. एक चाक खड्ड्यात गेलं की ती पीळ खाते आणि परत सरळ होते. तिनं तसंच करणं अपेक्षित आहे. मधेच फूटभर तुकडा दगडासारखा केला की तिथला पीळ कुठं जाणार? त्या दगडाच्या कडेला गोळा होणार. वेल्डच्या उष्णतेनं तीच कड आधी नाजूक झालेली असते.

म्हणून हँगर मूळच्या जाडीच्या आसपासच ठेवा आणि बोल्टवर बसवा. जुन्या रिव्हेटचं डोकं ग्राइंडरनं काढा, मधोमध ड्रिल मारून पंचनं ठोका. गॅसनं उडवू नका. भोकं लांबट झाली असतील तर रीमर (भोक नेमक्या मापाला गोल करायचं हत्यार) फिरवून पुढच्या मापाची गोल करा आणि ८.८ ग्रेडचा बोल्ट ठोकून बसेल इतका घट्ट घ्या. बोल्टचा आटे नसलेला भाग भोकात आला पाहिजे. आट्यांवर भार आला की भोक परत खात जातं. चेसिसच्या आडव्या पट्टीत नवीन भोक अजिबात नको.

हँगर काढल्यावर खाली चीर निघाली तर घाबरू नका. डाय पेनिट्रंटचा (चिरेत शिरून ती रंगानं दाखवणारा) स्प्रे मारून तिचं खरं टोक शोधा, कारण डोळ्याला दिसतं त्याच्या पुढे ती गेलेली असते. टोकाला ३ एमएमचं भोक पाडा, चीर ग्राइंडरनं व्ही आकारात उघडा आणि ७०१८ या वेल्डिंग रॉडनं भरा. हा रॉड दमट चालत नाही. वेल्डरकडे ओव्हन नसेल तर निदान नवीन पाकीट त्याच दिवशी फोडायला लावा. वरून आधाराची प्लेट लावायचीच असेल तर ती चॅनेलच्या उभ्या भिंतीवर, चॅनेलइतक्याच जाडीची आणि शंकरपाळ्यासारखी टोकदार कापलेली. आडव्या पट्टीवर आडवा वेल्ड मारला की समजा पुढच्या चिरेची जागा आखून दिली.

शॅकलचं, म्हणजे पाट्याचं टोक आणि हँगर यांना जोडणाऱ्या झुलत्या दुव्याचं, दुखणं वेगळं. मूळचे यू आकाराचे, दोन्ही टोकांना आटे असलेले, आणि त्यातले काही उलट्या आट्यांचे. विलीजच्या (या जीपचं मूळ डिझाइन करणारी अमेरिकन कंपनी) जुन्या शॅकलवर उलट्या आट्यांची खूण म्हणून एक छोटा उंचवटा असायचा. गाडीवर असलेले सोडवताना तो आधी शोधा, नाहीतर पाना लावून उलटं आवळत बसाल. हे लेथवर नवीन करणं कटकटीचं आहे. मी दोन साध्या ८ एमएम पट्ट्यांचे शॅकल केले, ईएन-८ स्टीलच्या पिना आणि ग्रीसची खाच मारलेले गनमेटल बुश. दोन्ही पट्ट्या एकत्र टॅक मारून एकदमच भोकं पाडा. वेगवेगळी पाडली आणि अर्धा एमएम जरी फरक पडला तरी पिन तिरकी बसते आणि बुश एका बाजूनं खाल्ला जातो. उंची वाढवायला शॅकल लांब करायचा मोह होतो, विशेषतः पुढच्या चाकांना. नका करू. या जीपचा पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की अॅक्सल पुढे झुकतो, कॅस्टर (स्टिअरिंग आपोआप सरळ ठेवणारा चाकाचा मागचा कल) कमी होतो आणि स्टिअरिंग रस्ता सोडून हिंडायला लागतं.

आता पाटे. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ६ एमएमच्या जागी ७ एमएमचा पाटा टाकला तर तो एकटा जवळजवळ ६० टक्क्यांनी कडक होतो. दोन जास्तीचे टाकून मी जीपची बैलगाडी केली होती, आणि जो धक्का पाट्यानं गिळायचा तो सगळा हँगरला गेला. चीर पडण्यात त्याचाही हात होताच.

तुमच्या पाट्याची रुंदी पावणेदोन इंच असेल. ट्रकच्या पाट्याची पट्टी याहून रुंद असते, त्यामुळे काही पाटेवाले तीच गॅसनं उभी चिरून देतात. ती कड जळून काचेसारखी होते, पाटा तिथूनच जातो. त्याच रुंदीची स्प्रिंग स्टीलची पट्टी मागवून घ्या, वेळ लागला तरी चालेल. कमान नुसती थंड ठोकून आणली तर काही महिन्यांत परत बसते. तापवून तेलात बुडवून कडक केल्यावर टेंपर करतात का, म्हणजे परत बेतानं तापवून ठिसूळपणा घालवतात का, हे पाटेवाल्याला स्पष्ट विचारा. "लाल केला, तेलात टाकला, झालं" असं म्हणाला तर दुसरा बघा. यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट नवेच घाला, यू-बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळा आणि शंभरेक किलोमीटरनंतर परत एकदा.

कागदाचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आरसीतले मूळ तपशील बदलतील असे फेरफार चालत नाहीत. शिवाय जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, फी २०,००० रुपये, पण चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. रोजच्या वापराला ती नोंदणी चालत नाही, पण पुढेमागे करायची झाली तर वेल्ड मारून प्लेटांनी मढवलेली चेसिस आडवी येईल.

वेल्डरला बोलवाल तेव्हा बॅटरी सोडा, सीटखालची पेट्रोलची टाकी काढून आवाराबाहेर ठेवा आणि पाट्यांवर ओलं गोणपाट टाका. वेल्डरनं अर्थचा चिमटा पाट्याला लावू नये म्हणून जवळ उभे राहा. माझा एक मेन पाटा ठिणगी पडलेल्या डागावरूनच तुटला, डाग हरभऱ्याएवढासुद्धा नव्हता.

मागच्या दोन्ही बाजूंची, अॅक्सलपासून चेसिसपर्यंतची उंची सपाट जागेवर मोजून इथं लिहा. पाटे खरंच किती बसलेत ते त्यावरून सांगतो.