मानवी हक्कांचा कायदा शिकवायचाय, पण पोटापाण्याचं काय?

एलएलबीचा निकाल लागला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. यावेळी आलेली मुलगी नांदेडकडची, सोबत वडील. वडील बसल्या बसल्याच म्हणाले, "मॅडम, पाच वर्षं लॉ शिकवलं, आता कोर्टात उभं राहायचं सोडून ही म्हणते मानवाधिकार शिकवणार, यात पगार कोण देतं?" मुलगी गप्प. मग तिला विचारलं की हे डोक्यात कधीपासून आहे, तर कॉलेजच्या लीगल एड सेलबरोबर (गरिबांना मोफत कायदेशीर मदत करणारा गट) ती जेलमध्ये गेली होती आणि तिथे तिला कच्चे कैदी भेटले, म्हणजे खटला अजून निकाली न लागलेले, जामीन मंजूर झालाय पण जामीनदार नाही म्हणून आत बसलेले. त्यावर ती इतकं मनापासून बोलली की वडील नुसते ऐकत राहिले.

वडिलांची काळजी खरी आहे हो. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचे हाल मी बघते, जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत काही नाही, कायम जागा कधी निघेल सांगता येत नाही. हे मी दोघांना स्पष्ट सांगितलं. पण जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडी करताना महिन्याला ३७,००० मिळतात आणि कायम असिस्टंट प्रोफेसरचं मूळ वेतन सातव्या आयोगात ५७,७०० पासून सुरू होतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

खरी अडचण वेगळीच होती. ती एमए मानवाधिकारला अ‍ॅडमिशन घ्यायला निघाली होती. मी म्हटलं थांब. लॉ कॉलेजात कायदा शिकवायचा तर एलएलएम, म्हणजे कायद्यातली पदव्युत्तर पदवी पाहिजे. नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत 'मानवाधिकार आणि कर्तव्ये' हा वेगळा विषय आहे, पण माझ्या मते त्याच्यावरच सगळं लावू नये, कारण लॉच्या शिक्षकाच्या जागा कितीतरी जास्त ठिकाणी असतात. तेव्हा नेट आणि राज्याची तशीच परीक्षा सेट, दोन्ही लॉमध्ये दे आणि मानवी हक्क हा तुझा संशोधनाचा विषय ठेव. आणि सनद, म्हणजे वकिलीचा परवाना घेतलास तर वकिली करता करता दिवसाला तीन तासांपर्यंत लॉ शिकवता येतं, केंद्र सरकारचा १९७९ चा नियमच आहे तसा, फक्त पूर्णवेळ नोकरी लागली की प्रॅक्टिस थांबवावी लागते. हे ऐकून वडील जरा सैल झाले.

तरी त्यांनी विचारलंच, "शिकवून काय बदलतं?" मी त्यांना मथुरा प्रकरण सांगितलं. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, १९७८ ला सुप्रीम कोर्टाने दोन्ही आरोपी पोलिसांना सोडलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, त्यातून देशभर आंदोलन पेटलं आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला, कोठडीतल्या अत्याचाराला वेगळी कडक शिक्षा आली. मला वाटतं मानवी हक्कांचा कायदा शिकवणाऱ्या माणसाचं काम हेच, निकाल वाचायचा आणि चुकलाय तिथे नीट लिहून सांगायचं.

मुलगी आता एलएलएमच्या तयारीला लागलीय. विषय तिनेच ठरवला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं कलम ४७९, म्हणजे पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं (काही गुन्हे वगळून), ते आपल्या जेलमध्ये खरंच पाळलं जातं का. वडिलांनी एकच अट घातलीय, सनदेचा अर्जही भरायचा, आणि मला ती अट एकदम योग्य वाटते.