इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जॉर्जियन हाउसचा इतिहास काय आहे?

ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरचं ७ नंबरचं हे घर साधारण १७९० च्या सुमारास जॉन पिनी या साखर-व्यापाऱ्यासाठी बांधलं गेलं. वास्तुरचना विल्यम पॅटीची मानली जाते. आज ती ग्रेड टू स्टार दर्जाची, म्हणजे विशेष महत्त्वाची मानलेली संरक्षित इमारत आहे, आणि १९३० च्या दशकात शहराकडे आल्यापासून तिथे संग्रहालय आहे.

तळघरातला थंड पाण्याचा हौद जरूर बघा, पिनी त्यात रोज डुबकी मारायचा. पण माझ्या मते हे घर समजून घ्यायचं तर पेरो या पिनीच्या गुलामापासून सुरुवात करावी. पिनीचा पैसा कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरच्या उसाच्या मळ्यांतून आला आणि तिथे राबणारे सगळे गुलाम होते. १७६५ मध्ये त्याने १२ वर्षांच्या पेरोला त्याच्या दोन बहिणींसह विकत घेतलं. १७८३ मध्ये ब्रिस्टलला येताना त्याला खासगी नोकर म्हणून सोबत आणलं. १७९८ मध्ये पेरो वारला, तोवर त्याला मुक्ती मिळालीच नाही. सोबत आलेल्या फॅनी कोकर या मोलकरणीला मात्र १७७८ मध्येच मुक्त केलं होतं.

१९९९ मध्ये बंदरावर झालेल्या पादचारी पुलाला पेरोचं नाव दिलंय. घरापासून तो चालत जाण्याइतका जवळ आहे, दोन्ही एकाच फेरीत पाहा.