कोकणात एवढी वाळू आहे, मग तिथे काच का बनत नाही?

तुम्ही लिहिलंय की मालवणला फिरायला गेला होता, किनारा पाहिला आणि वाटलं, एवढी वाळू फुकट पडली आहे तर इथे काचेचे कारखाने का नाहीत. माझा थोरला भाऊ मला वर्षानुवर्षं हेच विचारतोय, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

किनाऱ्यावरची वाळू आधी डोक्यातून काढा. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, लोह असतं, रत्नागिरीच्या बाजूला तर इल्मेनाइटचे, म्हणजे लोह असलेल्या काळ्या खनिजाचे पट्टे दिसतात. लोह आलं की काच हिरवी पडते. पांढऱ्या, म्हणजे बिनरंगी बाटलीच्या वाळूत लोह टक्क्याच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी लागतं. काचेच्या लायकीची वाळू आमच्या कणकवली तालुक्यात आहे, कासार्डे-फोंडा पट्ट्यात, समुद्रापासून बरीच आत. ती खणतात, धुतात, चाळतात आणि ट्रकने घाटावर नेतात. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना साच्यांसाठीही ती लागते. यावर दादाचं ठरलेलं वाक्य, "रेव आमची आणि काच तेंची, ह्यो खयचो न्याय?"

मी काच फुंकणारा माणूस. प्रयोगशाळेची उपकरणं बनवणाऱ्या मुंबईतल्या एका वर्कशॉपमध्ये बर्नरसमोर आयुष्य गेलं. फ्लास्क, कंडेन्सर, वाकड्या नळ्या, सगळं बोरोसिलिकेटमधलं, म्हणजे आच सोसणाऱ्या काचेतलं. दादाच्या लेखी हे काम म्हणजे वाळू आणि विस्तव, बाकी काही नाही.

आमच्या घरी ओटीवर एक जुनी काचेची हंडी आहे. पणजोबांच्या वेळची, फिकट जांभळी, गणपतीत लावतात. एका चतुर्थीच्या आधी पुसताना तिच्या काठाला तडा गेलेला दिसला, बोटभर खाली उतरलेला. सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. दादा म्हणाला, "तू काच जोडतंस ना? मग ही जोड." मी सांगितलं की ही सोड्याची काच आहे, बाटल्यांची असते तसली साधी. तापल्यावर ती माझ्या बोरोसिलिकेटच्या जवळजवळ तिप्पट फुगते. तिच्यावर एका जागी ज्योत धरली तर तडा सांधायच्या आधी सबंध हंडी फुटेल. तो म्हणाला, कारणं सांगू नको.

हंडी गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन मी मुंबईला नेली. आमचे उस्ताद फिरोजाबादचे. त्यांनी ती हातात घेतली आणि काही न बोलता दोन पोलराइड काचांच्या मधे धरली. या काचा एकमेकींना आडव्या धरल्या की उजेड अडवतात. काचेत ताण नसेल तर तिथे काळोख दिसतो. हंडीत पट्टे पेटल्यासारखे दिसले, मानेजवळ तर निळे-पिवळे. म्हणजे बनवली तेव्हाच ती घाईने गार केली होती. वरचा थर आधी आवळला, आतला नंतर, आणि ती ओढाताण काचेत तशीच राहून गेली. एवढी वर्षं ती ओटीवर टिकली हेच नवल होतं.

उस्तादांनी तिला हात लावायच्या आधी भट्टीत ठेवायला सांगितली. तापमान सावकाश चढवत साडेपाचशे अंशांच्या आसपास नेलं, तिथे थांबवलं आणि मग रात्रभर हळूहळू उतरवलं. दुसऱ्या दिवशी पोलराइडमध्ये काळोख. मग तड्याच्या खाली सरळ रेघ पाडली, तापलेल्या तारेने काठाचं कडं उतरवलं आणि सपाट काचेवर कार्बोरंडमची, म्हणजे घासायची कडक पूड आणि पाणी घेऊन काठ घासला. घासण्यातच दुपार गेली. हंडी इंचभर ठेंगणी झाली, पण त्या गणपतीत लागली आणि आजही लागते. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की ह्याने पणजोबांची हंडी कापली. मी त्याला दरवेळी सांगतो, पुन्हा लिहून ठेवतो: जोडायला गेलो असतो तर तुकडे विहिरीजवळच्या खड्ड्यात गेले असते.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे. बाटलीच्या काचेत ७० टक्क्यांच्या वर वाळू असते हे खरं, पण अख्ख्या मालात स्वस्त तीच. नुसती वाळू वितळायला १७०० अंश लागतात. ते खाली आणायला सोडा घालायचा, आणि सोड्यामुळे काच पाण्यात विरघळू नये म्हणून चुना. सोडा येतो सौराष्ट्रातून. भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं रात्रंदिवस चालू ठेवावी लागते, मधेच विझवता येत नाही. इंधन आणि वीज अखंड हवी. आणि काच गार कशी करायची हे कळणारी माणसं हवीत. माणसं नसतील तर बाकी सगळं असून उपयोग नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैसा फंडाचं उदाहरण घ्या. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करायची कल्पना काढली, टिळकांनी ती उचलून धरली आणि १९०८ च्या सुमाराला तळेगाव दाभाड्याला काच कारखाना उभा राहिला. पहिले व्यवस्थापक ईश्वरदास वार्ष्णेय जपान-अमेरिकेत शिकून आलेले. तळेगावला कुठला समुद्र? पण तिथे मुलांना काम शिकवलं. पुढे १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कारखाना निघाला आणि प्रभाकर कंदील घरोघरी गेला, आमच्या घरीसुद्धा. कोकणातही काच परकी नाही. अलिबागजवळच्या चौल या जुन्या बंदरात सापडलेले मणी आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे मणी तपासले तेव्हा त्यांत एकाच जातीची काच मिळाली, ॲल्युमिना जास्त असलेली.

म्हणून निवडणुकीत कोणी कासार्ड्याला कारखाना आणतो म्हणाला की दादा टाळ्या वाजवतो आणि मी विचारतो, शिकवणार कोण? आधी दहा पोरांना बर्नरवर बसवा. मी शिकवायला तयार आहे, गावात जागा दिली तर उद्यापासून. हे दादालाही सांगून झालंय. त्याच्या मांगराची, म्हणजे शेतातल्या खोपटाची किल्ली त्याच्याचकडे आहे.

दोन गोष्टी राहिल्या. रायगड कोकणात धरलं तर तळोज्याला सपाट काचेचा मोठा कारखाना झाला आहे, तेव्हा "कोकणात काच बनतच नाही" हे बरोबर नाही. आणि मी बर्नरवरचा माणूस, टाकीच्या भट्टीवर, म्हणजे कारखान्यात अखंड काच वितळवणाऱ्या मोठ्या भट्टीवर काम केलेलं नाही. खर्चाचं गणित तिथल्या माणसाला विचारा. घरी प्रयोग करायचा विचार असेल तर किनाऱ्याची वाळू उचलू नका, कायद्याने बंदी आहे. सिलिकाची बारीक धूळ तर अजिबात नाकात जाऊ देऊ नका. तिने फुप्फुसं कायमची जातात, त्यावर औषध नाही.