पंधरा लाख आहेत, ट्रस्ट काढू का?

प्रश्न : मी पोस्टातून निवृत्त झाले, हे हायस्कुलात शिक्षक होते. चिपळूणजवळच्या आमच्या गावात राहतो. मुलगी परदेशात असते, तिला आमच्या पैशांची गरज नाही. गावातल्या मुलामुलींच्या कबड्डीसाठी आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेसाठी १५ लाख रुपये बाजूला काढायचं ठरवलं आहे. भाचा म्हणतो, दोघांच्या नावाने ट्रस्ट काढा. काढावा का?
– एक वाचक

उत्तर : नका काढू, ताई. भाच्याचा हेतू चांगलाच आहे, पण ट्रस्ट सांभाळायला तो गावात राहणार आहे का, हे आधी विचारा.

१५ लाखांवर सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला १,०५,००० रुपये होतात, म्हणजे महिन्याला पावणेनऊ हजार. त्यातून दरवर्षीचं ऑडिट आणि आयकराचं विवरण. उरेल त्यात कोचचं मानधन बसवायचं. पण खरी अडचण पुढेच असते. धर्मादाय कार्यालयात वकिली करताना मला नेहमी दिसतं ते असं : एक विश्वस्त वारले, दुसरे मुलाकडे ठाण्याला गेले. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची नोंद करण्याचा अर्ज, धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो, तो कुणी दिलेलाच नाही. शेड्यूल वनच्या, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदीच्या, उताऱ्यावर गेलेल्या माणसांचीच नावं. बँक विचारते, सही कुणाची? पैसे पडून राहतात आणि ज्यांच्यासाठी ते ठेवले ती पोरं तोवर लग्नाला येतात.

पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचं स्वतःचं प्रतिष्ठान होतं, असं तुम्ही म्हणाल. होतं. पण पुस्तकांचे आणि प्रयोगांचे पैसे त्यांच्याकडे येत राहत. तुमची रक्कम एकदाच निघणार आहे. शिवाय त्यांनी केलं काय? गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) व्यसनावरचे अनिल अवचटांचे लेख वाचले आणि एक लाख रुपये दिले. त्यातून १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. चालवलं ते अनिता आणि अनिल अवचटांनी. पैसे एकाचे, राबणं दुसऱ्याचं. तुम्हीही राबणारा शोधा.

तालुक्यातलं जुनं वाचनालय, शाळेची संस्था किंवा नोंदणीकृत क्रीडा मंडळ बघा. गणपतीपुरती वर्गणीची परवानगी काढणारं मंडळ नको, कार्यकर्ते कितीही गुणी असोत. नोंदणीचा उतारा मागा, शेवटच्या तीन वर्षांची ऑडिट मागा. मागताना संकोच वाटेल, पण ज्यांचे कागद सरळ असतात त्यांना राग येत नाही. रक्कम चेकनेच द्या. दोन हजारांच्या वर रोख दिली तर देणगीवरची आयकराची सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत असाल तर ती तशीही नाही.

पहिली दोन-तीन वर्षं मूळ रक्कम तुमच्याच नावावर ठेवा आणि व्याजाइतकेच पैसे द्या. उद्या यांचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर हात पसरायला नको. दर वर्षी देताना पत्रात साफ लिहा की हे पैसे कोचच्या मानधनाला, बुटांना, अभ्यासिकेच्या वीजबिलाला. सत्काराचा हॉल, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्हं यांना एक रुपयाही नाही. हे लिहायला लाजू नका. बक्षीस समारंभात बक्षिसापेक्षा फ्लेक्स महाग पडलेला मी पाहिला आहे.

कबड्डीची मॅट मागायला मंडळ नक्की येईल. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, त्यामुळे मागणी रास्त आहे. मुलींचं मैदान १२ मीटर बाय ८ मीटर, पुरुषांचं १३ बाय १०. कुठल्या मापाची हवी ते विचारा, म्हणजे मुली खेळणार आहेत की नाही तेही कळेल. आणि पावसाळ्यात मॅट कुठे ठेवणार? कोकणातल्या पावसात ओल्या खोलीत गुंडाळून ठेवलेली मॅट दसऱ्याला उलगडली की बुरशीने काळी झालेली असते. जागा दाखवल्याशिवाय चेक फाडू नका. अभ्यासिकेतही आधी शौचालय बघा. ते नसेल तर मुली संध्याकाळी सातला घरी जातात आणि रात्रीची जागा मुलांनाच मिळते.

काम पटलं, तर मोठी रक्कम कायम निधी म्हणून द्या. मूळ रकमेला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं, हे दानपत्रात लिहून घ्या आणि त्यावर संस्थेची पोच व ठराव मागा. तुमच्या दोघांचं नाव निधीला जरूर द्या, त्यात मिरवणं काही नाही.

राहिलेल्या पैशांसाठी दोघांनीही वेगवेगळी मृत्युपत्रं करा. ठेवीवर वारस-नामांकन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक होत नाही. मृत्युपत्रात संस्थेचं नाव पाटीवर असेल तसं नको, नोंदणी दाखल्यावर असेल तसंच क्रमांकासह लिहा. मृत्युपत्राचा व्यवस्थापक मात्र भाच्यालाच नेमा.