लिनक्समध्ये माझ्या लॅपटॉपचं तापमान एका ओळीत २७.८ आणि दुसरीत ९२ अंश दिसतं. खरं कोणतं? आणि विंडोजवर गप्प बसणारा फॅन उबुंटूवर सारखा का घोंघावतो?

२७.८ला सोडून द्या. मे महिन्यात दुपारी आमच्या नागपुरात बंद खोलीच ३८-४० अंशांवर असते, मग त्या खोलीत चालू असलेला प्रोसेसर २७ अंशांवर कसा राहील? 'एसीपीआयटीझेड' या नावापुढचा हा आकडा बायोस (मदरबोर्डमध्येच असलेलं मूळ सॉफ्टवेअर) पुरवतो. तिथे तापमान केल्व्हिनच्या दशांशांत लिहायची पद्धत आहे आणि काही लॅपटॉपांत ३०१० हा आकडा कायमचा लिहून ठेवलेला असतो. ३०१० म्हणजे ३०१ केल्व्हिन, म्हणजेच २७.८ अंश सेल्सियस. माझ्याही लॅपटॉपवर तेच आहे: जानेवारीच्या थंडीत २७.८, नवतप्यातही २७.८. किती निवांत जीव!

पाहायचा तो 'कोअरटेम्प'चा आकडा (प्रोसेसर इंटेलचा नसून एएमडीचा असेल तर 'के१०टेम्प'). इंटेलचा सेन्सर थेट अंश सांगतच नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती खाली आहोत, एवढंच तो सांगतो. मर्यादा बहुतेकदा १०० असते. सेन्सर म्हणतो 'आठ', ड्रायव्हर १००मधून ८ वजा करून ९२ दाखवतो. त्यामुळे वरच्या टोकाला हा आकडा भरवशाचा आणि लॅपटॉप निवांत असताना थोडा इकडेतिकडे. ९२ला लॅपटॉप जळत नाही. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. पण नुसत्या ब्राउझरवर ९२ येत असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय.

आता फॅन. बहुतेक लॅपटॉपांत तो विंडोजही चालवत नाही आणि लिनक्सही नाही. मदरबोर्डवर एम्बेडेड कंट्रोलर नावाची एक छोटी चिप असते, ती तापमान बघून फॅन कमीजास्त करते. दोन्हीकडे चिप तीच. फरक पडतो तो प्रोसेसरला किती वीज खायला मिळते आणि बाकीचं काय काय जागं राहतं, याचा. विंडोजवर कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर त्या चिपला 'शांत मोड'मध्ये ठेवतं. लिनक्सवर ते बहुतेकदा नसतं.

माझ्याकडे चोर निघाला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड. काही काम नसताना उबुंटूवर ते जागंच राहायचं. 'प्राइम-सिलेक्ट' या कमांडने ते काम प्रोसेसरमधल्या इंटेल ग्राफिक्सवर आणलं, रीस्टार्ट केलं, आणि पाच मिनिटांत फॅन इतका खाली आला की खोलीतल्या कूलरचा पंप ऐकू यायला लागला. तुमच्याकडे वेगळं कार्ड नसेल तर ब्राउझरमध्ये व्हिडिओचं हार्डवेअर ॲक्सिलरेशन (म्हणजे व्हिडिओचं काम ग्राफिक्स चिपवर सोपवणं) चालू आहे का ते बघा. नसलं तर साधा व्हिडिओही प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो. आणि पॉवर मोड 'परफॉर्मन्स'वर असेल तर 'बॅलन्स्ड'वर आणा.

तरी ९०च्या खाली येत नसेल तर ऑपरेटिंग सिस्टीमचा नाद सोडा आणि मागचं झाकण उघडा. मी तीन वर्षांनी उघडलं तेव्हा फॅन आणि तांब्याच्या जाळीच्या मधे करड्या रंगाची अख्खी घडीच बसली होती, चिमट्याने ओढली तर फेल्टच्या तुकड्यासारखी एकसंध निघाली. उन्हाळाभर खिडकी उघडी ठेवून कूलर चालवायचा, मग धूळ कुठे जाणार? ती काढली, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वरच्या तांब्याकडे नेणारा लेप) बदलली, आणि त्याच व्हिडिओला ९३वरून ७८वर आलो. बर्डीवरून (नागपूरची सीताबर्डी बाजारपेठ) पेस्टची छोटी ट्यूब आणली होती, अजून अर्धी शिल्लक आहे.

धूळ फुंकून काढताना फॅनच्या पात्यात टूथपिक अडकवून ठेवा. हवेच्या झोताने फॅन भन्नाट फिरतो आणि बेअरिंगचं वाटोळं होतं. आणि गार करायला म्हणून लॅपटॉप कूलरच्या तोंडाशी धरू नका, त्याच्या ओल्या ताट्यांतून पाण्याचे थेंब उडतात.